स्तामेनाआजीची सावली भिंतीत जाते

नेव्यानाला भिंत बांधायचीच नव्हती. तिला फक्त एक बकरी थांबवायची होती.

बकरी शेजारच्या स्तामेनाआजीची. दोन अंगणांच्या मध्ये जे कुंपण होतं त्याला कुंपण म्हणणं म्हणजे तीन दात उरलेल्या तोंडाला बत्तिशी म्हणणं. त्या फटीतून बकरी यायची, दोरीवरची लंगोटी ओढायची आणि नेव्यानाच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी सावकाश चावून गिळायची. तिच्या आठ महिन्यांच्या लेकीचं, योआनाचं, निम्मं कपाट असं त्या बकरीच्या पोटात गेलं होतं. तक्रार करायला जावं तर स्तामेनाआजी कमरेवर हात ठेवून विचारायची, "माझी बकरी आजारी पडली म्हणजे औषधपाणी तू करणार आहेस का गं, मास्तरीणबाई?"

नेव्याना शाळेत गाणं शिकवायची आणि रविवारी चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभी राहायची. पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला शेजारणीशी भांडता येत नाही. दुसऱ्या रांगेतल्या बाया खुशाल भांडतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण फादर ओनुफ्री शुभवर्तमान वाचताना "एका गालावर मारलं तर दुसराही पुढे कर" इथं आले की नेमके मान वर करायचे, आणि समोर नेव्याना असायची. गालाचं ती कसंही निभावून नेईल, पण लंगोट्यांबद्दल प्रभूनं स्पष्ट असं काही सांगून ठेवलेलं नाही.

म्हणून तिनं ठरवलं, भांडायचं नाही, वाईटसाईट बोलायचं नाही, भिंत बांधायची. भिंत कुणाला काही बोलत नाही. भिंतीइतकं ख्रिस्ती उत्तर दुसरं नाही, असं तिचं त्या वेळी प्रामाणिक मत होतं.

"वसंतात बांधू," नवरा म्हणाला. स्पास हा भला माणूस, फक्त त्याची सगळी कामं पुढच्या ऋतूत असायची. पण त्या वर्षी वसंतच वाट चुकून जानेवारीत आला होता. बर्फ नाही, वारा नाही; दिवसभर पिवळं, तिरपं ऊन पडायचं आणि स्लानोवो गावातली आलुबुखाराची झाडं खुळ्यासारखी फुलून उभी होती. त्या फुलांवर एक माशी बसत नव्हती. जाणती माणसं झाडांखालून जाताना छातीवर क्रूस काढत होती. तेवढ्यावरून नेव्यानानं शहाणं व्हायला हवं होतं. पण तिनं विचार केला, जमीन मऊ आहे तोवर पाया खणून घ्यावा.

दुकानदारीण झ्लाता म्हणाली, "विटांची नको, दगडाची बांध. विटांवर बकरी चढते." ब्रेडसाठी रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी सांगितलं की दगडावर तर बकरी जन्मालाच येते. उंची किती असावी यावर एक संपूर्ण सकाळ गेली. नगरपालिकेची परवानगी घ्यावी का, हे नेव्यानानं विचारलं तेव्हा मात्र रांगेतले सगळे एकदम गप्प झाले आणि मग तिच्याकडे मोठ्या मायेनं बघू लागले, वेड्या माणसाकडे बघतात तसे.

तेव्हा परवानगीशिवायच ग्रोझ्दान मिस्त्री आला. ग्रोझ्दान उत्तम गवंडी आणि ठार बहिरा. त्यानं दोरी लावली, चर खणला, चुना कालवला आणि दुपार कलताना पायाचा पहिला मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला.

नेव्याना तेव्हा पलीकडे, स्तामेनाआजीच्या अंगणात होती. वाऱ्याची झुळूकही नसताना एक लंगोटी उडून तिकडे गेली होती. कशी ते देवाला ठाऊक. योआनाला कडेवर घेऊन ती चराच्या काठाशी लंगोटी उचलायला वाकली, सरळ उभी राहिली, आणि घरातून स्तामेनाआजी आगीच्या लोळासारखी धावत आली.

"चालती हो माझ्या अंगणातून! भवाने! सरक! सरक म्हणते ना!"

आणि तिनं नेव्यानाला धक्का दिला. साधासुधा नाही, दोन्ही हातांनी. नेव्याना पोरीसकट शेणाच्या ढिगाशी जाऊन पोचली. आजी तिच्या जागी उभी राहिली, पाठ सूर्याकडे, तोंड चराकडे. ग्रोझ्दाननं दगड बसवला. धप्प आवाज झाला.

आणि आजी बोलता बोलता थांबली. शिवी अर्धीच राहिली. स्लानोवोत आजवर कुणी तिला अर्धी शिवी टाकून जाताना बघितलं नव्हतं. ती खाली चराकडे बघत होती. मग वळली, घरात गेली आणि तिनं दार हळूच लावून घेतलं.

"नशीब!" नेव्याना शेण झटकत म्हणाली. तिनं दुसरा गाल पुढे केला नाही, पण पहिल्यावरचं शेण पुसून ती गप्प बसली. हेही पुष्कळ झालं, असं तिला वाटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. पाया भरताना ज्याची सावली दगडाखाली सापडते, त्याची सावली भिंतीतच राहते. भिंत पिढ्यान् पिढ्या टिकते. माणूस मात्र चाळीस दिवसांत आटपतो आणि मग त्या भिंतीचा राखणदार होतो. म्हणून तर स्लानोवोत पाया भरत असला की लोक तो रस्ता सोडून नदीकडून जातात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नेव्यानालाही ठाऊक होतं. पण ती शिकलेली होती, त्यामुळे तिनं ते विसरून दाखवलं होतं.

भिंत सुरेख झाली. बकरी आली नाही. आणि शिव्याही आल्या नाहीत.

पहिले काही दिवस नेव्यानाला बरं वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपण कपडे वाळत घालताना कान टवकारून उभ्या असतो. पलीकडून काहीच यायचं नाही. खोकला नाही, बादलीचा आवाज नाही. एकदा तिनं मुद्दाम भांडं आपटलं. एकदा तर मोठ्यानं म्हणाली, "काय बाई एकेकाची बकरी!" भिंत गप्प. तिनं भिंतीला हात लावला. उन्हात दिवसभर तापलेला दगड, पण एका जागी तो विहिरीच्या तळासारखा गार होता.

त्याच जागी मग ओल आली. आधी वाटीएवढी. मग तिला खांदे फुटले. मग वर रुमालाची गाठ. ग्रोझ्दाननं त्यावर चुन्याचा हात मारला, दोन दिवसांनी ती पुन्हा उमटली, या खेपेला किंचित वाकून. "चुना हलका होता," ग्रोझ्दान म्हणाला. पण हे म्हणताना तो भिंतीकडे बघत नव्हता आणि निघताना थापी विसरून गेला. गवंडी थापी विसरत नाही.

योआनाला मात्र ती ओल फार आवडली. पाळण्यातून ती तिच्याकडे बघून हसायची, हात हलवायची. मग थोडं थांबायची, समोरून कुणी काही बोलत असल्यासारखी. आणि पुन्हा खुदखुदायची.

"पोरं कशालाही हसतात," स्पास म्हणाला आणि पाळणा उचलून घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवून आला.

एका सकाळी स्तामेनाआजीच्या दोरीवर कुणीतरी उभं होतं. नेव्यानानं भिंतीवरून डोकावलं. नीट बघितलं तर कपडे होते: काळा झगा, त्याखाली चिमट्यानं लावलेले नवे मोजे, वर रुमाल. आजीनं स्वतःला पुरण्याचे कपडे ऊन द्यायला काढले होते. वारा नव्हता, तरी झग्याची एक बाही मधूनमधून हलत होती. मग कोंबड्या निघाल्या. दोन झ्लाताला, दोन फादरांना, आणि सगळ्यात चांगली, अंडी देणारी, नेव्यानाच्या फाटकाला टोपलीत बांधून ठेवलेली. नेव्याना त्या कोंबडीसमोर रडली. तिच्याशी कुणी एवढं वाईट आजवर वागलं नव्हतं.

पण कळस पुढेच होता. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर, बसथांब्यावर डकवतात. स्तामेनाआजीनं तो आधीच छापून आणला, तारखेची जागा कोरी ठेवून, आणि तो नेव्यानाच्या भिंतीवर रस्त्याच्या बाजूनं स्वतः डकवला.

"आजी, अहो हे काय!" नेव्याना धावत बाहेर आली.

"भिंत चांगली आहे," आजी खोकत म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता आणि ती निम्मी झाली होती. "खांबावरचे कागद पावसानं जातात."

त्यानंतर गावात नेव्यानाची काय शोभा झाली ते विचारू नये. दुकानात तिला रांग सोडून आधी सामान मिळू लागलं, लवकर जावी म्हणून. शाळेत पोरं गाणं म्हणताना तिच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभी राहत. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना सगळा गाव स्तामेनाआजीच्या पायांकडे बघत होता. "नाही!" झ्लाता कुजबुजली. "खरंच नाही हो सावली!" आभाळ भरून आलं होतं. त्या दिवशी अख्ख्या स्लानोवोत कुणालाच सावली नव्हती. पण बाकीच्यांच्या पायांकडे बघायला कुणाला सवड होती?

नेव्यानानं फादर ओनुफ्रींना गाठलं.

"ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, पोरी," फादर म्हणाले. "चर्च असलं काही मानत नाही."

"मग तुम्ही माझ्या भिंतीकडून यायचं सोडून नदीकडून का येता?"

"हवा खायला," फादर म्हणाले आणि दाढीत बोटं घालून काहीतरी शोधू लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "भिंत खरी आहे का खोटी, हे मला नको विचारू. तुम्हा दोघींत ती उभी आहे, एवढं मला दिसतं. क्षमेचा रविवार आलाय. जा तिच्याकडे."

"मी? धक्का त्यांनी दिला!"

"म्हणून तर," फादर म्हणाले. "ज्यानं मारलं त्याच्याकडे दुसरा गाल आपणहून चालत जात नाही. न्यावा लागतो."

नेव्याना आधी नगरपालिकेत गेली. गालापेक्षा भिंत पाडणं सोपं, असं तिला वाटलं. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पाडायचं कारण?"

"शेजारणीची सावली आत अडकलीय."

बाईनं चष्म्यावरून बघितलं. "पण ही भिंत आमच्या दप्तरी नाहीच. जी नाही ती पाडायची परवानगी कशी देऊ? आधी ती रीतसर उभी करून घ्या. उन्हाळ्यापर्यंत होईल." आणि मग इकडे तिकडे बघून, खिडकीतून अर्धी बाहेर येत, "किती दिवस झाले हो बसवून?"

नेव्यानानं सांगितलं. बाईनं क्रूस काढला आणि खिडकी बंद केली.

क्षमेचा रविवार म्हणजे मोठ्या उपासाच्या आधीचा दिवस. धाकट्यांनी थोरांच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घेऊन क्षमा मागायची. थोरांनी "देव क्षमा करो, मीही केली" म्हणायचं. चाळिसावा दिवस सोमवारी भरत होता. पूर्वी कुंपणाच्या फटीतून दहा पावलांत आजीचं दार होतं. आता नेव्यानाला सगळी गल्ली वळून जावं लागलं, एका हातात चीज घातलेली पापुद्र्यांची बानित्सा, कडेवर योआना, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत पडदे हलत होते.

आजी पलंगावर बसली होती, तोच दोरीवरचा रुमाल बांधून.

"आलीस? बस. त्या खुर्चीवर नको. ती उद्या येणाऱ्यांसाठी पुसून ठेवलीय."

नेव्याना गुडघ्यावर बसली. आजीचा हात हातात घेतला आणि शहारली. भिंतीवरच्या त्या जागेचा गारवा होता तो, तोच, ओलसर. "आजी, क्षमा करा मला."

"देव क्षमा करो. मीही केली," आजी म्हणाली. "बानित्सा ठेव आणि जा. उपासाच्या आत खायचीय."

रीत इथं संपते. पुढं बोलायचं नसतं. पण महिनाभर सभ्यपणानं दाबून ठेवलेलं नेव्यानाच्या तोंडून बाहेर पडलंच.

"पण मी केलं काय? तुम्ही माझ्या अंगावर धावून आलात! पोर कडेवर असताना ढकललंत! भवानी म्हणालात! मी एक शब्द बोलले नाही, आणि गाव मला म्हणतंय की मी म्हातारीला भिंतीत चिणली!"

आजीनं बानित्सा जवळ ओढली. मग म्हणाली, "कुठं उभी होतीस गं तू तेव्हा?"

"तुमच्या अंगणात. चराच्या काठाशी."

"आणि पाठीशी काय होतं?"

"काय असणार? ऊन..."

नेव्याना थांबली.

"ग्रोझ्दानच्या हातात दगड होता," आजी म्हणाली. "त्या बहिऱ्या मेल्याला ओरडून काय ऐकू जाणार? मी खिडकीतून बघितलं. ही लांबच लांब सावली, चरात पडलेली. एक सावली आणि दोन डोकी. एक मोठं, एक एवढंसं." तिनं मुठीएवढं करून दाखवलं. "म्हटलं, भिंतीला सावलीच हवी तर जुनी घे म्हणावं. माझी तशीही झिजलीय."

योआना आजीकडे बघून खुदकन हसली आणि तिनं हात हलवला, अगदी भिंतीकडे बघून हलवायची तसा.

"पण तुम्हाला तर मी डोळ्यांसमोर नको असते!"

"नकोच असतेस. सकाळी सकाळी सारेगम करत झोप मोडतेस." आजीनं बानित्सेचा तुकडा मोडला. "प्रभूनं शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय. तो आवडला पाहिजे असं कुठं सांगितलंय?"

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर उपकार फेडायला रोज येऊन बसली असतीस. मरताना तरी शांतता नको का माणसाला?"

नेव्याना घरी आली ती पळतच. योआनाला स्पासच्या हातात दिलं, कोठीतून हातोडा घेतला आणि भिंतीवर पहिला घाव घातला.

"अगं, वेडी का तू? वसंतात पाडू!" स्पास ओरडला. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, योआनाला खाली चादरीवर ठेवलं आणि पहार आणली. हे काम त्यानं त्याच ऋतूत केलं, याची लग्नाच्या वर्षांत दुसरी नोंद नाही.

गाव जमला. दगड कुठून ढिला होईल यावर मतं पडली. झ्लाता म्हणाली, "डावीकडून घे," कुणी म्हणालं उजवीकडून. ग्रोझ्दान आला आणि आपल्या भिंतीकडे बघून लहान पोरासारखा रडला, पण रडता रडता म्हणाला, "तसं नाही, सांध्यात मार." नदीकडून फादर आले. सूर्य डोंगराला टेकायला आला होता, आणि उभ्या असलेल्या सगळ्यांच्या सावल्या रस्त्याच्या पार गेल्या होत्या.

पायाचा दगड सरकला तेव्हा आतून थंड हवा आली, कुणीतरी बराच वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी. सगळी जमीन मऊ. पण त्या दगडाखाली बोटभर दहिवर गोठलेलं होतं. गर्दी एक पाऊल मागे सरली. बकरी ओरडली.

स्तामेनाआजीला तिच्या त्या पुसलेल्या खुर्चीसकट बाहेर आणलं. "उठवा मला," ती म्हणाली. नेव्यानानं तिला चराच्या काठाशी उभी केली, पाठ सूर्याकडे, आणि आधार सोडून बाजूला झाली. फादर ओनुफ्रींनी प्रार्थना सुरू केली.

आजीच्या पायाशी काहीच नव्हतं.

लोक नंतर वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं ढग होता, कुणी म्हणतं दगडांच्या ढिगाची आडकाठी होती. नेव्यानानं जे बघितलं ते असं: चराच्या काठावरून काहीतरी काळं, ओलसर हळूहळू वर आलं. जरा घुटमळलं. मग बरेच दिवस बाहेर राहिलेलं मांजर घरी येतं तसं सरपटत येऊन आजीच्या टाचांना चिकटलं.

आजी मान खाली घालून बघत होती. एक पाय हलवला. सावलीनं हलवला. दुसरा हलवला. तो सावलीनं किंचित उशिरा हलवला.

"जाड झालीय," आजी म्हणाली. मग तिनं मान वर केली, अंगणभर पसरलेले दगड बघितले, छाती भरून श्वास घेतला. "आणि हा पसारा कोण उचलणार गं? तुझा बाप? सणाच्या दिवशी माझ्या दारात दगड! शिकलेली म्हणे! भवाने!"

नेव्याना दगडांच्या ढिगावर मटकन बसली आणि रडू लागली. एवढा गोड आवाज तिनं गायनमंडळात कधी ऐकला नव्हता.

सोमवारी आजी मेली नाही. मंगळवारी तिनं कोंबड्या परत मागितल्या, मधल्या अंड्यांसकट. भिंतीच्या जागी आता पुन्हा ते तीन दातांचं कुंपण आहे. नगरपालिकेतून एक माणूस नसलेली भिंत न विचारता पाडल्याबद्दल चौकशीला येऊन गेला. ती चौकशी अजून चालू आहे. फोटोचा कागद आजीनं दगडावरून अलगद सोडवून भिंतीवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या घरातल्या, लावला. फेकत का नाही विचारलं तर म्हणते, "फोटो चांगला आलाय."

बकरी येते. लंगोट्या जातात. नेव्याना काही बोलत नाही, आणि आता हे न बोलणं तिला जड जात नाही. पलीकडून शिव्या सुरू झाल्या की ती हातातलं काम टाकून कुंपणाशी येते. आधी खाली बघते, मगच वर.

कलत्या दुपारी कधी कधी ती तिथं बराच वेळ उभी राहते. आलुबुखाराच्या झाडापर्यंत गेलेली लांब सावली असते, आणि तिला दोन डोकी असतात. एक रुमालाचं, एक एवढंसं.

"घेऊन जा गं तुझी पोर, मास्तरीणबाई! कंबर मोडली माझी!"

"आले हं आजी," नेव्याना म्हणते आणि जागची हलत नाही.